खडूचा गोल

मंगळवार, संध्याकाळ

आज शिंदेदादांना मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हा जोड कच्चा आहे. दिसत नाही का तुम्हाला?" आणि टाकीवरच्या त्यांच्या वेल्डिंगभोवती खडूने गोल केला. दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कुठल्याशा ट्रेनिंगवरून येताना ते शब्दांची यादी घेऊन आले आहेत, पावणे एमआयडीसीतल्या आमच्या एवढ्याशा कारखान्यासाठी! "मॅडम, कच्चा म्हणायचं नाही. 'सुधारणेला वाव आहे' म्हणायचं. आणि उद्या दादांना सॉरी म्हणा."

मी मान हलवून बाहेर आले. का हलवली? घरी येईपर्यंत स्वतःचाच राग येत होता.

त्या टाकीत दाबाने हवा भरतात. जोड फुटला तर समोरच्या माणसाला कसला वाव? क्वालिटी बघायलाच ठेवलंय ना मला? आणि खडूचा गोल मी टाकीवर काढला, दादांच्या कपाळावर नाही.

पण "दिसत नाही का तुम्हाला?" हे मात्र कपाळावरच काढलं. पंचवीस वर्षं वेल्डिंग करणारा माणूस, हल्लीच चष्मा लागलाय, आणि सगळ्यांसमोर मी... छे. त्यांनी चष्मा काढून पुसला, तेव्हाच मला कळलं होतं.

उद्या सॉरी म्हणणार, तेही सगळ्यांसमोर. पण त्या एका वाक्यासाठीच. मग साहेबांच्या देखत खडू उचलून पुढची टाकी तपासणार, आणि जोड कच्चा निघाला तर कच्चाच म्हणणार. तो शब्द यादीत नसेल, तर यादीत सुधारणेला वाव आहे.