झरा आटलेला नाही

प्रिय रेफूहियो आत्या,

मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. झरा आटला, असं मी लिहिलं होतं. तो आटलेला नाही. बाबांनी त्याला कुंपण घातलंय आणि चंद्रकोरीचा डाग दिलेली तुमची गुरं फाटकावरून परत हाकली जातात.

"पण पाणी आहे की, बाबा," मी म्हटलं होतं.

"तुझ्या आत्याच्या गुरांपुरता आटलाय ना? मग खोटं काय त्यात? लिही! एवढी शिकलीस ती कशाला?"

या वाळवंटात वैऱ्याचंही तहानलेलं जनावर कुणी पाण्यावरून हाकलत नाही. हे ठाऊक असून मी वळणदार अक्षरात लिहिलं. घरात लिहिता येणारी मी पहिली; नन्सच्या शाळेत मला तुम्हीच धाडलंत. त्याच अक्षरांवर विसंबून तुम्ही झऱ्यावरचा हक्क सोडायला निघालात. मग सगळा रांचो, कुरणं-गुरांसकट, बाबांचा होईल.

काल म्हातारा गुराखी चेपो म्हणाला, "पोरी, अक्षर झकास आहे तुझं. पण गाई पडल्या अडाणी. पत्र वाचलं नाही, म्हणून अजून पाण्यावर येतात."

सगळे हसले. मीसुद्धा हसले, आत्या.

माझं लिहिणं आता तुम्ही खरं का मानावं? म्हणून हे पत्र पाठवत नाही. सान हुआनच्या सणाला अख्खं गाव झऱ्यावर आंघोळीला येतं, त्या सकाळी फाटक कुणालाच बंद नसतं. गावादेखत मी तुमची गुरं आत घेईन आणि खोटं कुणी लिहिलं तेही सांगेन. तुमच्यापर्यंत ते लोकांच्या तोंडूनच येऊ दे.

हे सगळं येत्या गुरुवारी, सणाच्या दिवशी, २४ जून १८८६ रोजी.

तुमची ओशाळलेली भाची,
एदुविहेस