पाऊल मोडून

बुधवार, ता. ९ जानेवारी

चि. पिपाणीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तूही बरा असशील असं धरून चालते. धरून चालायचं, कारण तुझ्या पत्रातून काही कळत नाही. थंडी पडली, थंडी ओसरली, आभाळ भरून आलं. अरे, एवढा पूल बांधणारा इंजिनियर तू, आणि सख्ख्या बहिणीला पत्र लिहितोस हवामान खात्यातल्या शिपायासारखं!

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहून देतायत. 'पिपाणी' लिहायला तयारच नव्हत्या. "आजी, साहेब आहेत ना ते?" म्हटलं, साहेब जगाचा. माझ्या घरात ती काळी क्लॅरिनेट तोंडात धरून दिवसभर पों पों करायचा, तेव्हा शेजारीण विचारायला आली होती की तुमची म्हैस अडली आहे का. लिहा तुम्ही. कापड माझं, तुम्ही फक्त शिवा.

इकडची खबर फारशी नाही. नात नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घर गप्प आहे. स्वयंपाकघरातला नळ गळतो. दुरुस्त करून घेत नाही. तेवढंच कुणीतरी बोलतं. रेडिओही लावते, पण तो माझं ऐकून घेत नाही, आपलंच सांगत बसतो. अगदी तुझ्या भाऊजींसारखा.

लेक महिनाअखेरीला न्यायला येणार आहे. घराला कुलूप लावायचं आणि तिच्याकडे जायचं, अकराव्या मजल्यावर. तिथून खाली माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणे. म्हणजे भांडायलासुद्धा कुणी हाताशी नाही. मी तिला म्हटलं, "एकटी आहे म्हणूनच नेतेस ना? सोबतीला कुणी आलं तर?"

"कोण येणार आहे गं आई?" म्हणाली.

मी गप्प बसले. शिंपीणबाईंना हे खरं वाटत नाहीये, पण बसले.

मागच्या आठवड्यात तुमच्या पलटणीच्या बँडातला झांजवाला येऊन गेला. इथे कुणाच्या कामाला आला होता. जन्मभर कानाशी झांजा आपटून आता ठार बहिरा झालाय, सगळं ओरडून बोलतो. अर्ध्या गल्लीला त्याची मूळव्याध कळली. चहा प्यायला आणि भिंतीवरच्या तुझ्या भाऊजींच्या फोटोकडे बघत राहिला. मग बोलला. काय बोलला ते सांगते, जरा दम धर.

आधी तुझ्या पुलाचं. मागे नातीने मला नेलं होतं दाखवायला, नदीवरचा तो पायी जायचा. मी मधोमध उभी राहून दोनदा उडी मारली. नात म्हणाली, "आजी, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत, भावाची परीक्षा घेतेय. हलला नाही. तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं, उद्घाटनाला बँड वाजत-गाजत पुलावरून जायचा होता. तू आडवा उभा राहिलास. वाद्यं बंद करायला लावलीस, आणि त्या कडक गणवेशातल्या माणसांना बाजाराला निघाल्यासारखं विस्कटून, पाऊल मोडून, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायाशी जुळू न देता पलीकडे पाठवलंस. पाहुणे हसले, मंत्री चिडले. पहारेकरी म्हणाला, "साहेबांचा एक स्क्रू ढिला आहे." मीही हसले होते. आता हसू येत नाही.

लढाई लागली की बँडवाल्यांची वाद्यं पेटीत जातात आणि हातात स्ट्रेचर येतं, एवढं मला माहीत होतं. तुमच्याच बँडातल्या तुझ्या भाऊजींना, जखमी झाल्यावर, तू आणि झांजवाल्याने उचलून आणलंत, हेही कळलं होतं. पुढचं तू कधी सांगितलं नाहीस. बँड सोडलास. मिशा पिकायला लागल्या तरी पोरांबरोबर बाकावर बसून इंजिनियर झालास. आणि माझ्या दारात पाय ठेवणं बंद केलंस. मला वाटायचं, विधवा बहीण गळ्यात पडेल म्हणून भ्याला. तुझ्या त्या थंडीवाऱ्याच्या पत्रांचा मला राग यायचा.

झांजवाल्याने सांगितलं, स्ट्रेचर उचलणाऱ्यांनी पाऊल मोडून चालायचं असतं. एकाचा डावा पुढे, तर दुसऱ्याचा उजवा. दोघांचे पाय जुळले की स्ट्रेचर झोके घेतं. तुम्हाला तसं शिकवलं होतं आणि तुम्ही तसंच चालत होतात. आणि हे, पोटाला पट्ट्या गुंडाळून पडलेले, स्ट्रेचरवरून ओरडले, "गाढवांनो, पाय चुकतोय तुमचा! बँडमास्तरने बघितलं तर?" आणि दांडीवर बोटांनी ताल धरला. तुम्हाला हसू आलं. हसता हसता पाय जुळले. बँडवाल्यांचे पाय ते, ताल कानावर पडला की जुळणारच. स्ट्रेचर झुलू लागलं. पट्टी कधी सुटली ते कुणाला कळलं नाही. बोटं थांबली तेव्हा कळलं.

शिंपीणबाई थांबल्यात. चष्मा पुसतायत. पुसू देत, मला घाई नाही.

झाला पुसून? लिहा.

आता माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. त्या माणसाबरोबर मी संसार केलाय. भांडी घासताना माझा हात अडखळला तरी बाहेरच्या खोलीतून 'च्च' ऐकू यायचं. पाळण्याची दोरी मी त्यांच्या मते कधीच वेळेवर ओढली नाही. असा माणूस दोघांची वेडीवाकडी चाल पडल्या पडल्या सहन करेल? आणि तू! त्यांनीच तुला बँडात घातलं, त्यांनी बोट वर केलं की तू फुंक मारायचास. त्यांनी ताल दिला, तू पाऊल दिलंस. दुसरं काही तुला कुणी शिकवलंच नव्हतं. याला मारणं म्हणत नाहीत रे बाळा. जगातले सगळे पूल न हलणारे बांधलेस, तरी हे फेडून होणार नाही, कारण फेडायचं काही नाहीच.

पण एका गोष्टीचा राग आहे. झांजवाला म्हणाला, तेही हसत होते. तुमच्याबरोबर, शेवटपर्यंत. आणि मी इतकी वर्षं त्यांना विव्हळताना ऐकतेय. डोळा लागला की ऐकतेय. ते हसणं माझं होतं, तू ते एकट्यानेच दाबून ठेवलंस. त्याबद्दल तुला चांगला झापणार आहे, पण समोर उभा करून. पत्रातून झापण्यात मजा नाही, शिंपीणबाई मधले चांगले शब्द गाळतात.

मागची खोली रिकामी आहे. खिडकीतून काही खास दिसत नाही, पण ऊन येतं. लेक येण्याआधी ये. तू दारात दिसलास तर ती मला नेणार नाही, मीच तिला मला नेऊ देणार नाही. आल्यावर बोललंच पाहिजे असंही नाही. तुला थंडीवाऱ्यावर बोलायचं असेल, तर त्यावर बोलू.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर शिंपीणबाई वाचतील, मला कुठे वाचता येतं? मला फक्त तुझं तोंड वाचता येतं. ते घेऊन ये.

त्यांची बायको, पण त्याच्या आधीपासून तुझी,
ताई