आचलला कुणी रागावत नाही

अकोला, ९ जुलै २०२५

चि. सौ. रागिणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या सांगण्यावरून आचलला साध्या शाळेतच नववीत घातलं. हातपाय ताठ, बोलणं अडखळत, तरी शाळेने हूं की चूं केलं नाही. मीही पहिल्याच दिवशी सगळ्या शिक्षकांना सांगून आलो, की पोरीले काही बोलू नका. वर्गशिक्षक महादेवराव सर फार सज्जन. तिला प्रश्न विचारत नाहीत, गृहपाठ न वाचताच ‘छान’ लिहितात. पंख्याखालचा बाक तिचाच. अशी शाळा दिवा घेऊन शोधली तरी सापडणार नाही.

फक्त परवापासून ती शाळेत जायचं नाही म्हणून बसली आहे. कारण सांगत नाही. तू अशाच मुलांची शिक्षिका, तुला उमजेल. मला रात्री झोप नाही.

पोरांना पापा, तुला माया.
दादा

अमरावती, १२ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पूर्ण वाचलं, मध्ये बोलले नाही. दादा, तू शाळेत मुलगी घातलीस की पाहुणी? पंख्याखाली बसवून काही न विचारणं हा पाहुणचार झाला. पाहुणीलाही चार दिवसांत घरी जावंसं वाटतं.

सरांना जाऊन सांग, प्रश्न तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा, पण दुसऱ्या दिवशी विचारा. उत्तर येईस्तोवर दुसऱ्याकडे वळू नका. लिहिणं जमत नसेल तर तोंडी घ्या. चुकलं तर चूक म्हणा. आणि कारण आचललाच मला लिहू दे.

वहिनीला नमस्कार. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
रागिणी

अकोला, १५ जुलै

प्रिय आत्या, सा. न.

हे मी मोबाइलवर एका बोटाने लिहिलं. बाबांनी छापून आणलं, म्हणजे वाचलं असणार. नमस्कार, बाबा.

त्या शनिवारी सर नसताना वर्गात गोंधळ झाला. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तो माझा आहे हे कुणालाही ओळखू येतं. सरांनी अख्खा वर्ग बाहेर उभा केला आणि मला म्हणाले, बेटा, तू बस. मी एकटी पंख्याखाली बसले. बाहेर सगळे हसत होते. पायलनं खिडकीतून विचारलं, की तू काहून नाही बाहेर, तू त आमच्यापेक्षा जास्त ओरडली. मला रडू आलं.

तुझी लाडकी (बाबा म्हणतात तसं),
आचल

अकोला, २ ऑगस्ट

चि. सौ. रागिणीस अ. आ.

सरांना भेटलो. ते म्हणाले, तुमीच त सांगतलं होतं, अन् मलेबी भेव वाटे. आता ते विचारतात आणि थांबतात. वर्ग चुळबुळतो, तर म्हणतात, पोरायलेबी थांबणं शिकवून राहिलो. आचलचं पहिलं उत्तर चुकलं. सरांनी चूक म्हटलं. हे ऐकून मला जेवण गेलं नाही. ती पोटभर जेवली.

काल शाळेतून फोन आला. गृहपाठ केला नव्हता, वर पायलला हसवत होती. सर म्हणाले, आचल, तू बी चाल बाहेर, पायलले घेऊन. तिला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून पायलनं खुर्ची नेली. शिक्षा मात्र पूर्ण तासाची. मी धावत गेलो. व्हरांड्यात दोघी खिदळत होत्या. मला पाहताच आचलने तोंड फिरवलं, तू बाबांना पाहून फिरवायचीस तसंच. मी आल्या पावली परतलो. डोळे भरले होते, हे वहिनीला कळवू नकोस.

चौकात पेढे घेतले. दुकानदाराने विचारलं, कशाचे? म्हटलं, पोरीले शिक्षा झाली. त्याने तोलून पुडा बांधला.

आज सकाळची शाळा. मी उठायच्या आत ती दप्तर घेऊन दारात बसली होती. तुझ्या वाटणीचे पेढे ठेवले आहेत. ते संपायच्या आत येऊन जा.

तुझा,
दादा