मागंपुढं झालेली रिळं

अण्णा, काल सुप्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधल्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, तुमी एवढे भुताचे पिच्चर बघता, त्यातला खरा भारी कंचा?" तोंडातल्या घासाचं निमित्त करून मी उत्तर टाळलं. उत्तर मला केव्हाचं माहीत आहे, पण ते भाकरी खाताना सांगण्यासारखं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. आता सांगून काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही.

तुम्ही भिंगारच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचात आणि कॉलेज सुटलं की मी दुपारच्या खेळाला तुमचा डबा घेऊन वर केबिनमध्ये यायचे. केबिन म्हणजे भट्टी. तुम्ही बनियनवर, एक डोळा मशीनवर, दुसरा भिंतीतल्या झरोक्यावर. भुताचा सिनेमा असला की मी झरोक्याशी उभी राहायचे आणि ऐन वेळी ओढणीनं तोंड झाकायचे. एकदा तुम्ही ती ओढणी खाली ओढलीत. "झाकल्यानं भीती जात न्हाई. बघायचं तर नीट बघ, न्हाईतर डबा ठिव अन् घरी जा." मला इतका राग आला की पुढचे चार दिवस मी डबा खाली गेटकीपरकडेच दिला.

पाचव्या दिवशी वर आले, तो हा खेळ. सिनेमा सुमार होता. हिरवं तोंड रंगवलेली हडळ आणि तिला शिट्ट्या मारणारं पब्लिक. गावोगाव फिरून आलेल्या रिळांच्या डब्यांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि तुम्ही, कधी न चुकणाऱ्या माणसानं, पाचवं रीळ चौथ्याच्या आधी लावलंत. पडद्यावर नायिका विहिरीत पडून मेली. तिला बाहेर काढलं, आईनं हंबरडा फोडला. आणि पुढच्या रिळात तीच पोरगी ओसरीवर बसून वेणी घालते आहे, आईला विचारते आहे, उद्या भाजी कुठली करू. एरवी खुर्च्या बडवणारं पब्लिक चिडीचूप झालं. माझा हात ओढणीकडे गेलाच नाही. नंतर मालकानं तुम्हाला फैलावर घेतलं, पण डबा खाताना तुम्ही म्हणालात, "भूत दावलं की मानूस हसतो. ती मरनार हे आपल्याला ठावं अन् तिलाच न्हाई, हितं खरी भीती हाय." भयपटाबद्दल याहून शहाणं मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही.

त्यानंतर असले सिनेमे मी ढिगानं पाहिले, आता मोबाईलवर, येता-जाता बसमध्येसुद्धा. दार आपटून, आवाज वाढवून दचकवणाऱ्यांची मला चीड येते. पाठीत धपाटा बसला तरी माणूस दचकतो, त्याला काय अक्कल लागते? माझे लाडके दोनच. एकात एक बाई रोज सकाळी नवऱ्यासाठी बंबात पाणी तापवते, बादली न्हाणीघरात ठेवते, आणि शेवटी कळतं की ते पाणी रोज तीच ओतून देते. दुसऱ्यात एक माणूस परगावाहून घरी येतो आणि घरचे सगळे त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं गोड बोलतात. का, ते कोणी सांगत नाही. पण दोन्ही तुमच्या त्या चुकीच्या पासंगालाही पुरत नाहीत.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, वडिलांचा आठवडाही निघणार नाही. मी आत आले तर तुम्ही उशीला टेकून, उरलेसुरले केस विंचरत बसला होतात. म्हणालात, "घरी गेलो की पैलं टेबलफॅनचं बघतो. लई खडखड करतो." मी कॉटच्या पायाशी उभी. कुठल्या भुताची वाटली नाही एवढी मला तेव्हा तुमची भीती वाटली. तुमचा कंगवा थांबला. झरोक्यातून पब्लिकची नुसती मागची डोकी बघून त्यांच्या मनातलं ओळखणारा माणूस तुम्ही, माझं तर तोंड समोर होतं. हळूच विचारलंत, "रिळं मागंपुढं झाली का गं?"

मी म्हणाले, "नाही, अण्णा." तेवढ्यात मला खोकला आला आणि पदर तोंडाला लावून मी बाहेर गेले. पुढचे पाच दिवस रिपोर्ट, औषधं, चहा, मिळेल ते निमित्त काढून व्हरांड्यातच काढले. तुम्ही गेलात तेव्हाही मी खाली टपरीवर होते. तुम्ही पुन्हा काही विचारलं नाहीत आणि आता कोण विचारणार.

फॅन अजून खडखडतो. मी तो दुरुस्त केला नाही आणि टाकूनही दिला नाही. हा कागद घडी करून त्याच्याच खाली ठेवते आहे, पाठवायला पत्ता कुठे आहे. त्या मुलीला उद्या एखाद्या दचकवणाऱ्या सिनेमाचं नाव सांगेन, ती खूश होईल.

एवढंच राहिलं होतं. त्या दिवशी मला खोकला आला नव्हता, अण्णा. मी तोंड झाकलं होतं.