घेवड्याच्या गोदामात नऊ हजार पुस्तकं

७ ऑक्टोबर, मंगळवार

पाणी! सकाळी लायब्ररीचं कुलूप उघडलं तर तळघरात घोट्यापर्यंत पाणी. पाइप फुटलाय. वरच्या मजल्यावरची नऊ हजार पुस्तकं सुखरूप आहेत, पण भिंतींना ओल चढायला लागलीय. इंजिनिअर म्हणाला, "शनिवारपर्यंत सगळं हलवा."

कुठे हलवू? माझ्या स्वयंपाकघरात?

८ ऑक्टोबर

शाळेला विचारलं — जागा नाही. चर्चला विचारलं — त्यांचंही तळघर ओलंच!

थेल्मा रोज वर्तमानपत्र वाचायला येते. वय शहाऐंशी. आज बाहेर पायरीवर बसून वाचत होती. तिथूनच ओरडली, "अगं अडेल, कालव्यापलीकडचं घेवड्याचं गोदाम आहे की! एकोणीस वर्षं मी तिथे घेवडा निवडलाय. एका दाण्याला कधी बुरशी लागली नाही. पुस्तकांना काय धाड भरणार आहे?"

खरंच की! चाळीस वर्षं रिकामं पडलंय. फक्त एकच अडचण. महापौर रूडी कोवाल्चिकला ते पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचीय. पुढच्या महिन्यात सभेपुढे ठराव येणार.

९ ऑक्टोबर

रूडीच्या दुकानात गेले. तो खिळे मोजत होता.

"अडेल, ते मढं आहे मढं! त्यात पुस्तकं ठेवतेस?"

"तीनच आठवडे."

"किल्ली गंजलीय."

"मग तेलही दे."

दिलं! वर दम — "तीन आठवडे. एक दिवस जास्त नाही."

आत पाय ठेवला. दीडशे वर्षांच्या दगडी भिंती, आणि कोरडं ठणठणीत! जमिनीच्या फळ्यांच्या फटींत अजून घेवड्याचे पांढरे दाणे. मी चार खिशात टाकले. का, कोण जाणे.

११ ऑक्टोबर, शनिवार

हात दुखताहेत, तरी लिहिणारच.

कालव्यावरचा उचलपूल दुरुस्तीसाठी वर अडकलाय; बोटी जाऊ द्यायला अख्खा पूल आडवाच वर उचलतात. ट्रकला पाच मैलांचा वळसा. पण पुलाला दोन्हीकडून जिने आहेत, माणसं वरून चालत जाऊ शकतात. थेल्मा म्हणाली, "मग हातोहात पाठवा." मी काल फोन करत सुटले. तीस जण येतील असं वाटलं होतं. आले दोनशे चौदा! मी मोजले.

लायब्ररीच्या दारापासून जिना, पूल, जिना आणि गोदाम — एकच साखळी. कालव्याच्या पाण्यावरून पुस्तकं चाललेली! रूडी पुलाच्या मध्यावर उभा. दुपारी साखळी एकदम थांबली. पलीकडून हाका — "काय झालं रे?" बघतो तर रूडी मासेमारीवरचं पुस्तक उघडून वाचतोय!

"रूडी, मागे कविता तुंबल्यात!" खालून कोणीतरी ओरडलं. काय हशा पिकला!

सफरचंदाचा रस घालून तळलेले, साखर भुरभुरवलेले गरम डोनट आले होते. निम्म्या पुस्तकांवर साखरेची बोटं उमटलीत. पुसणार नाही.

१८ ऑक्टोबर

उघडलं! बागवाल्या ब्रँट कुटुंबाने सफरचंदाचे रिकामे खोके दिले, त्यांचीच कपाटं केली. पाण्याकडच्या खिडकीपाशी बसायला भांडणं! तिथे थेल्माचं निवडायचं टेबल असायचं म्हणे. "इथे कण्हत बसायचे मी. आज पाय पसरून बसलेय," म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत हलली नाही.

२० ऑक्टोबर

एकशे सहा माणसं. सोमवारी!

१ नोव्हेंबर

मुदत संपली. रूडी दारात. मी उसनं हसून म्हटलं, "रिकामं करायचं ना?"

त्याने कोटातून मासेमारीचं पुस्तक काढलं. "हे अजून तीन आठवडे हवंय. मिळेल?"

मी शिक्का मारला. गोदामाची किल्ली न मागताच तो गेला.

१२ नोव्हेंबर

सभा झाली. पाच विरुद्ध शून्य — पाडायचंच ठरलं. लायब्ररीची जुनी इमारत! पाया खचलाय. गाड्या आता तिथे लागतील. ठराव रूडीनेच मांडला.

एकतीस वर्षं बसले मी तिथे. घरी येऊन आधी रडून घेतलं. मग वर्तमानपत्राला फोन केला — उद्यापासून अंक गोदामावर टाका.