निळ्या बाटलीतलं पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाळ्याचं शटर वर करते तोच फोन. इंदापूर तालुक्यातल्या त्या मुलींच्या निवासी शाळेतून. तिथल्या स्वयंपाकीण चंद्राबाई.

"ताई, ते निळं औषध संपलं की. इंदापुरात कुठं गावत न्हाय. तुमच्याकडं आसंल तर एसटीत टाकून द्या."

कसलं औषध? मला कळेचना.

"आवो, त्या पेटीतलं. जंतू मारायचं."

"ते कशाला लागतंय तुम्हाला?"

"म्हंजी? पोरींच्या प्यायच्या पाण्याला."

माझा नवरा, सुयोग, विचारत होता काय झालं म्हणून. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.

जलशुद्धीकरण केंद्र कसं चालतं ते वर्गात दाखवायचं मॉडेल आहे ते. आम्ही दोघं बनवतो, शाळांना देतो. एका माणसाला उचलून नेता येईल एवढी पेटी. एका टाकीत तुरटी ढवळायची, दुसरीत गाळ खाली बसू द्यायचा, मग वाळूचा थर, शेवटी जंतुनाशकाची बाटली. शिकवायला केलंय ते. प्यायला नाही! आणि त्या बाटलीत क्लोरीन नसतंच. मुलांच्या डोळ्यांत उडू नये म्हणून मी साध्या पाण्यात खायचा निळा रंग घालून भरते. थेंब पडताना नीट दिसावा, एवढ्यासाठीच.

चंद्राबाईंना म्हटलं, ते पाणी आत्ताच्या आत्ता बंद करा, उकळून द्या. त्या म्हणाल्या, "का वो? चांगलं हाय की."

४ फेब्रुवारी, बुधवार

दोघं जाऊन आलो. भिगवणपर्यंत मनात एकच — चंद्राबाईंची काहीतरी गल्लत झाली असेल.

गल्लत नव्हती. पेटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पक्की बसवलेली. वर बादली, बादलीतून नळी, खाली स्टीलचं पिंप. मुलींच्या पाळ्या लावलेल्या — कुणी तुरटी ढवळायची, कुणी पिंप भरायचं. वाळू काळी पडलेली, एकदाही धुतलेली नाही. पेटीला हळदीकुंकू. आणि शेवटच्या टाकीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी — 'शुद्ध पाणी'.

पिंपात तळाला उरलेलं आधीचं पाणी किंचित निळसर दिसत होतं. तेवढ्यावरून मुलींना वाटायचं, औषध लागलं.

दिवाळीनंतर ज्या विज्ञानाच्या बाईंना आम्ही सगळं समजावून दिलं होतं, त्या महिन्याभरात बदलून गेल्या. राहिल्या गृहप्रमुख राजलक्ष्मी मॅडम. त्या शांतपणे म्हणाल्या, "धरणाच्या कडेचं पाणी येतं आम्हाला. हिरवट, वास मारणारं. मुली तोंडाला लावायच्या नाहीत. तुमची पेटी आली आणि पाणी काचेसारखं दिसायला लागलं."

मी म्हटलं, "मॅडम, दिसणं वेगळं. जंतू दिसत नाहीत."

"पण तुम्हीच लिहिलंय ना, शुद्ध पाणी?"

मी ती चिठ्ठी नखानं खरवडून काढली.

निघताना चंद्राबाईंनी सांगितलं — सहावीतली संस्कृती रविवारपासून इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात आहे. उलट्या, जुलाब. सलाईन लावलंय. हे त्यांनी असं सांगितलं, जसं काही त्याचा आणि पेटीचा काही संबंधच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुयोगचं म्हणणं, आजच जाऊन पेटी उचलून आणू. "उद्या काही झालं तर आपलं नाव येईल."

"आणि मुली काय पिणार? एवढ्यांचं पाणी रोज उकळणार कोण?"

"ते बघणारी माणसं आहेत."

"कुठं आहेत? इतके दिवस कुठं होती?"

जेवला नाही. मीही नाही. 'प्यायला नाही' एवढे दोन शब्द पेटीवर लिहायचे राहिले. तुरटी, गाळ, वाळू — बाकी सगळं लिहिलं!

७ फेब्रुवारी, शनिवार

आज एकटीच दवाखान्यात गेले. संस्कृती पडून होती, पोरीचा चेहरा एवढासा झालेला. जवळ तिची आई, सारजा. दुसऱ्याच्या भेंडीच्या रानात तोडणीला जाते. माझं नाव सांगितलं तशी उठून उभी राहिली.

"तुमीच का पेटीवाल्या ताई? बसा की."

मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. तिनं मला स्टूल पुढं केलं.

मग उशाशी ठेवलेली बाटली दिसली. मोठी, प्लास्टिकची. तळाला निळसर पाणी.

"हे कुठलं?"

"पेटीचंच. पोरगी आली तवा संगं घेऊन आली हुती. हितलं पाणी नगं म्हनती. म्हून हेच देतीय घोट घोट."

मी बाटली उचलली आणि मोरीत ओतून दिली. सारजा बघतच राहिली — जसं काही मी तिच्या लेकीचं औषध ओतलं.

संस्कृती हळूच म्हणाली, "ताई, मी सगळ्यांपेक्षा दोन गलास जास्त पीत हुते. शुद्ध असतं ना ते."

मग मी खरं सांगितलं. दोघींना. त्या बाटलीत औषध नव्हतं. रंग होता.

"रंग?" सारजा एवढंच म्हणाली. परत माझ्याकडं बघितलंच नाही. पोरीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मी निघाले.

८ फेब्रुवारी, रविवार

सुयोगला सगळं सांगितलं. दुपारी बघते तर गाळ्यावर मोठ्या ड्रमाला तोटी बसवत होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर शाळेतच होतो. मोठा ड्रम, धुतलेली वाळू, वर झाकण. ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर मिळवली, म्हणजे खरं क्लोरीन. किती घालायची ते राजलक्ष्मी मॅडमनी स्वतः शिकून घेतलं. मुलींना तपासणी दाखवली — नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पिवळं झालं तसा एकदम दंगा.

चंद्राबाईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला वास येतोय. पैलंच बरं हुतं."

"तो वास यायलाच पाहिजे, मावशी."

"आसंल बया." पण पेटी गाडीत ठेवताना त्यांनी तिच्यावरचं हळदीकुंकू पदरानं पुसून काढलं, आणि मला तेही बघवेना.

संस्कृतीला दवाखान्यातून घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, याच पाण्यानं झालं असं छातीठोक सांगता येत नाही. सुयोगला तेवढं पुरलं. मला नाही.

वाटेत तो म्हणाला, "सगळेच असं करणार नाहीत गं. एका ठिकाणी झालं, झालं." बरं वाटलं. आज पहिल्यांदा धड जेवले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मॉडेल दिलेल्या बाकीच्या शाळांना फोन करायला घेतले. पहिल्याच हेडमास्तरांना विचारलं, मॉडेल वर्गातच आहे ना?

ते हसले. "वर्गात कशाला? अंगणवाडीला दिलंय. बारकी पोरं आता दुसरं पाणी तोंडाला लावत नाहीत."