केलीव्हिलच्या फरशीचा ढाळ

केलीव्हिल, रविवार दुपार

तीर्थस्वरूप श्रीनिवासमामा,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण गेले तीन शनिवार-रविवार मी साष्टांगातच आहे, त्यामुळे या वेळी उभ्याउभ्याच हात जोडतो. तुझी कंबर कशी आहे? मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. आता तिला तू दाढी किती घाईत करतोस ते स्पष्ट दिसत असेल, सांभाळ. (हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहिता आलं असतं, पण तिथे तू वाचायच्या आधीच अंगठा दाखवतोस. ऑफिसातला अपूर्व शनिवारी पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. त्याला चहा पाज. त्याचं लग्न जमवायला जाऊ नकोस.) आम्ही इकडे बरे आहोत. यामिनी बरी आहे, ईशानी नववीत गेली आणि आता माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलते. माझे गुडघे सोडले तर घरातलं सगळं ठीक आहे.

तर गुडघ्यांबद्दल. आमचं घर उतारावर आहे, म्हणजे रस्त्यावरून एकमजली आणि मागच्या अंगणातून दुमजली दिसतं. खाली अर्धं जमिनीत गेलेलं तळघर आहे. आधीच्या मालकाने तिथे छोटं किचन केलं होतं, आणि आम्ही चार वर्षं त्यात सुटकेसी ठेवल्या. महिन्यापूर्वी तुझा फोन आला की आई स्वयंपाकघर धुताना घसरली, मनगटाला प्लास्टर आहे, आणि मला सांगायचं नाही अशी तिने तुला शपथ घातली आहे (ती तू पुरते अडीच तास पाळलीस). त्याच दिवशी मी खाली जाऊन सुटकेसी बाहेर काढल्या. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती तिथे एकटी पडते आणि मी इथे मेट्रोत बसून 'जेवलीस का' असं विचारतो, हे मला सहन होईना. तिने इकडे यावं, कायमचं यावं, आणि खाली तिचं स्वतःचं स्वयंपाकघर असावं, एवढंच डोक्यात होतं.

कारागीर का नाही बोलावलास, हे तू विचारणारच. बोलावला होता. तो आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, 'टू इझी, मेट' (म्हणजे 'हे तर सोपंच') म्हणाला आणि त्यानंतर त्याने फोनच उचलला नाही. शिवाय इथे शनिवारी जो तो स्वतःच काहीतरी ठोकत असतो. कॅसल हिलमधले आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, हृदयाचे. त्यांनी अंगणातला मांडव स्वतः उभारला (एका बाजूला कलला आहे, पण पेशंट काही बोलत नाहीत). मग मीही खरखरीत फरशा आणल्या, गुळगुळीत नाहीत, तेवढी अक्कल आहे. दातेरी थापी आणली, रबरी हातोडा आणला, आणि फरशांच्या मधे ठेवायचे प्लास्टिकचे इवलेसे क्रॉस आणले, जे अजून माझ्या मोज्यांत निघतात. व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस दहादा बजावत होता की जमीन अगदी सपाट हवी. मी मान डोलावली, खाली गेलो आणि हात तुझ्यासारखे चालायला लागले. दोरी बांधली, सिमेंट-वाळूचा थर घातला आणि सिंकशेजारच्या कोपऱ्याकडे छान बोटभर ढाळ दिला. आईच्या सहकारनगरच्या घरात तू फरशी बसवलीस तेव्हा शेवटी तांब्याभर पाणी ओतलंस, ते न रेंगाळता मोरीकडे गेलं आणि आईने टाळी वाजवली, आठवतंय? फरशी चांगली झाली हे असंच ठरतं, असं मी आजवर धरून चाललो होतो.

काल सकाळी मी दोघींना खाली बोलावलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाणी शहाण्यासारखं निघालं, कोपऱ्यात गेलं आणि थांबलं. मी टाळीची वाट बघत होतो. यामिनी म्हणाली, "छान. आणि आता ते जाणार कुठे?"

मामा, तिथे मोरी नाही. इथल्या स्वयंपाकघरात जमिनीला मोरी नसते, हे मला या देशात आल्यापासून माहीत आहे. तीन आठवडे त्या कोपऱ्यात डोकं घालून काम करताना एकदाही मनात आलं नाही की आपण कोऱ्या भिंतीकडे ढाळ देतोय. ईशानीने टेनिसचा बॉल जमिनीवर ठेवला, तो निमूट कोपऱ्यात जाऊन बसला, आणि ती 'ऑसम' म्हणाली. शेजारच्या रॉसना बोलावलं. त्यांनी चाळीस वर्षं फरशा बसवल्या आहेत. त्यांनी बॉल पुन्हा एकदा सोडून पाहिला आणि म्हणाले, "ब्यूटिफुल फॉल, मेट. बेस्ट शॉवर आय हॅव सीन इन अ किचन." (फॉल म्हणजे ढाळ, आणि इथे तो फक्त बाथरूमला देतात.) मग उपाय दोनच निघाले: सगळं उखडायचं, नाहीतर काँक्रीट कापून कोपऱ्यात पाणी जायला जाळी बसवायची.

मी उखडायलाच निघालो होतो. कोपऱ्यातलं पाणी फडक्याने टिपायला बसलो आणि आई आठवली. गेल्या वर्षी ती तीन महिने इथे होती. सगळ्याला छान म्हणाली. संध्याकाळी भांडी झाली की काठीचा पोछा फिरवायची आणि हात मांडीत घेऊन सोफ्यावर बसायची. काय हवंय विचारलं की 'काही नाही रे'. मला वाटायचं, तिला पुण्याची आठवण येतेय, म्हणून मी तिला हॅरिस पार्कच्या देशी दुकानांत जिलबी खायला न्यायचो. पुण्यात ती रोज संध्याकाळी दोन बादल्या ओतते, खराट्याने पाणी मोरीत लोटते, पाय पुसते आणि मग तिचा दिवस संपतो. इथे तीन महिने तिचा दिवस संपलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं, मामा, आत्ता लिहितानाही वाटतंय. यामिनीचं म्हणणं, जी बाई ओल्या फरशीवर घसरली तिच्यासाठी आपण समुद्रापार आणखी एक ओली फरशी करतोय. खरं आहे. पण तिथे ती पडली तेव्हा जवळ कुणी नव्हतं. इथे खालून हाक मारली तर वर ऐकू येते, मी मारून पाहिली (ईशानीने वरून 'व्हॉट?' असं उत्तर दिलं). तेव्हा ढाळ राहणार. गुरुवारी प्लंबर येतोय.

मामीला नमस्कार, आणि तुझ्या कमरेला माझ्या गुडघ्यांचा सप्रेम नमस्कार.

तुझा भाचा,
यतिन

ता. क. १: मुख्य गोष्ट राहिलीच. आईला यातलं काहीच माहीत नाही. ती पडल्याचं तुझ्याकडून कळलं तेव्हा, पडण्याचा विषय न काढता, एकदा विचारलं होतं, 'इकडेच राहायला ये'. सरळ नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत होईना म्हणून मी फरशी घालत बसलो. तू विचारशील का? तुझं ती ऐकते (आधी ओरडते, पण ऐकते).

ता. क. २ (गुरुवार): वरचं खोडलं तर पान घाण होईल, म्हणून इथे लिहितो: आईला काही विचारू नकोस. प्लंबर जाळी बसवून जातोय तोच तिचा व्हिडिओ कॉल आला. ईशानीने उचलला आणि सरळ जमिनीवर धरला. (ती आजीशी मराठीत बोलते. स्वच्छ मराठीत. मला आजच कळलं.) आई फोनवर वाकली. मग म्हणाली, "कुणासाठी रे?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "पाणी ओतून दाखव." ओतलं. सगळं जाळीत गेलं. एका हाताला प्लास्टर, त्यामुळे टाळी येईना. तिने चांगला हात तिच्या ओट्यावर दोनदा थोपटला.

ती हो म्हणाली नाही. फक्त म्हणाली की ओटा तिच्या पुण्यातल्या ओट्याएवढाच कर, आणि तो मोजायला तिचा एक हात पुरत नाही. तुला ती स्वतः फोन करणार नाही, कारण शपथ मोडलीस म्हणून तुझ्यावर रागावली आहे (ते आज माझ्याच तोंडून गेलं, माफ कर). तेव्हा टेप घेऊन तूच जा, मामा. एक टोक ती धरेल म्हणाली.